खुराड्यापासून पिसदुऱ्यापर्यंत

माझा भाचा पुण्याला चौथीत शिकतो. सहामाही परीक्षा आटोपून तो गेल्या दिवाळीत माझ्याकडे नागपूरला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा डायनोसॉरची पुस्तकेच जास्त होती. टायरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स, स्टेगोसॉरस अशी पंचवीस-तीस नावे, प्रत्येकाची लांबी, वजन आणि काळ यांसह, तो एका दमात म्हणून दाखवत असे, आणि त्याचे पाठांतर ऐकून माझ्या आईला रामरक्षा म्हणणाऱ्या नातवाइतकेच कौतुक वाटत असे. मलाही ते वाटले. पण जीवशास्त्र शिकवण्यात सव्वीस वर्षे गेल्यामुळे असेल, समोरून आमची मनी गेली तेव्हा मी त्याला सहज विचारले, "मांजराच्या पुढच्या पायाला बोटे किती असतात रे?" तो म्हणाला, "चार." "आणि मागच्या?" "चारच असतील ना, मावशी?"

मनीला मांडीवर घेऊन आम्ही मोजली. पुढच्या पायाला पाच आणि मागच्या पायाला चार. पाचवे बोट थोडे वर, आतल्या बाजूला असते आणि ते जमिनीला टेकत नाही, म्हणून पावलांच्या ठशांत ते दिसत नाही. ठसे पाहणारा माणूस चारच म्हणणार, त्यामुळे भाच्याचे उत्तर पुरते चुकीचे नव्हते. त्यानंतर मागच्या पायात उलटा वाकलेला जो सांधा त्याला गुडघा वाटत होता, ती मनीची टाच आहे आणि ती जन्मभर चवड्यावर, किंबहुना बोटांवरच चालते, हे त्याने स्वतःच्या पायाशी ताडून पाहिले. घरभर टाच उचलून चालत तो मला म्हणाला, "म्हणजे टायरॅनोसॉरससारखी!" हे वाक्य पुस्तकातले नव्हते, आणि म्हणून मला त्याचा फार आनंद झाला. त्या सुट्टीत त्याला एक कोरी वही दिली आणि अट एवढीच घातली की जे स्वतः पाहिले तेच तिच्यात लिहायचे.

वहीची पहिली तीन पाने मनीची आहेत. ती किती वेळा झोपली, विष्ठेवर माती कोणत्या पायाने ओढली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कुंडीतले गवत खाऊन पायरीवर ओकली ते, असे सगळे त्यात आहे. मांस खाणारा प्राणी गवत का खातो, या प्रश्नावर आम्ही पुष्कळ बोललो. ओकारीतली गवताची पाती जशीच्या तशी होती, जणू आत्ताच तोडली असावीत. ती त्याने काडीने बाजूला सारून मोजली. आईला हे मुळीच आवडले नाही, पण तिने अडवलेही नाही.

वसुबारसेला आम्ही गावी गेलो. आमचे गाव वरोरा तालुक्यात, चंद्रपूर जिल्ह्यात आहे. संध्याकाळी गाय-वासराची पूजा झाल्यावर भाचा घरामागच्या सांदवाडीत गेला आणि तिथे त्याची गाठ तांबड्या कोंबडीशी पडली. ती खुडूक झाली म्हणून काकूने कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तिला डालग्यात कुटार, म्हणजे भुसा, पसरून अकरा अंड्यांवर बसवले होते. खुडूक कोंबडी म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला शब्दांत सांगणे अवघड आहे. एरवी माणसाची सावली पडली तरी पळणारी ती कोंबडी हात जवळ नेताच पिसे फुलवून घशातून खरखर आवाज काढते, दिवसातून एकदाच दाण्यापाण्याला उठते आणि पाच-दहा मिनिटांत परत येऊन बसते. बसण्याआधी चोचीने एकेक अंडे आपल्याकडे ओढून फिरवते. तिच्या पोटावरची पिसे गळून तिथली कातडी उघडी पडलेली असते, आणि ती ऊब सरळ अंड्याला लागते. भाच्याने तिथे हात लावून पाहिला आणि ताप आलेल्या कपाळासारखे ते गरम आहे असे वहीत लिहिले.

रात्री काकूने दिवे घालवले आणि एक अंडे हाताच्या मुठीत धरून त्याच्या रुंद टोकावर बॅटरी लावली. तो अकरावा दिवस होता. कवच आतून तांबूस उजळले, वरच्या टोकाला हवेची पोकळी स्पष्ट दिसली, आणि तिच्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा एका काळसर ठिपक्याकडे गेलेल्या दिसल्या. तो ठिपका हलला. भाचा काही बोलला नाही. अकरांपैकी दोन अंडी नुसतीच पिवळी उजळली. काकूने ती "वांझी" म्हणून बाजूला काढली. मला मात्र त्याला आणखी एक गोष्ट दाखवायची होती. मी कोंबडीचा पाय त्याच्या हातात दिला. गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या टाचेपाशी पिसे संपतात आणि तिथून खाली पायावर एकावर एक बसवलेले खवले सुरू होतात. पुढे तीन बोटे, मागे एक, टोकाला नखे. हा पाय झाकून बाकीची कोंबडी दाखवली तर आपण तिला पक्षी म्हणू, आणि बाकीची कोंबडी झाकून नुसता पाय दाखवला तर सरडा किंवा घोरपड आठवेल.

पक्षी हे डायनोसॉरच्याच एका शाखेचे वंशज आहेत, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. जर्मनीत १८६१ साली सापडलेला आर्किऑप्टेरिक्स, ज्याला पिसे होती आणि दातही होते, आणि चीनमध्ये १९९६ साली जाहीर झालेला सायनोसॉरोप्टेरिक्स, ज्याच्या अंगावर पिसांसारखी लव दगडात उमटलेली होती, ही नावे भाच्याला पाठ होती. पण कोंबडीच्या गळ्याखाली बेचकीसारखे जे हाड असते, तेच टायरॅनोसॉरसलाही होते, हे मी सांगितले तेव्हा त्याने आधी कोंबडीकडे पाहिले. त्या क्षणी ते पाठांतर सुटून त्याच्या हाताला लागले असे मला वाटते. नात्याचा हिशेब नीट सांगायचा तर दोन पायांवर चालणारे मांसाहारी डायनोसॉर, उदाहरणार्थ गुजरातमध्ये रहियोलीला सापडलेला आणि २००३ साली नाव मिळालेला राजासॉरस, हे कोंबडीचे जवळचे नातलग, तर लांब मानेचे, चार पायांचे शाकाहारी डायनोसॉर हे तिचे दूरचे भाऊबंद.

हे दूरचे भाऊबंद आमच्याच तालुक्यात होते. वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या टेकडीतून १९८० च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी अशा एका प्राण्याची हाडे काढली. १९९७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि २००३ साली त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसिसॉरस हे नाव मिळाले. भाच्याच्या पंचवीस-तीस नावांत हे नाव नव्हते. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या एकाही पुस्तकात ते नव्हते, आणि माझ्या वर्गात येणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मुलांनाही अमेरिकेतल्या मोंटानाचा डायनोसॉर माहीत असतो, पण एसटीने तासाभराच्या अंतरावरचा माहीत नसतो. याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुण्याच्या मुलाला घराजवळ असे काही सापडणार नाही, याचे कारणही त्याला सांगितले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यातून सह्याद्रीचा काळा कातळ झाला. तप्त लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत. पण लाव्हा पसरण्याआधीच्या आणि त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या नद्या-तळ्यांचा गाळ काही ठिकाणी शिल्लक आहे. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून त्याला लमेटा थर म्हणतात, आणि जबलपूर, नर्मदेचे खोरे, गुजरातमधील बालासिनोर आणि आमचा वरोरा तालुका इथे तो उघडा पडलेला आहे. भारतातल्या डायनोसॉरची बहुतेक अंडी याच थरांतून निघाली आहेत.

त्या अंड्यांची एक हकिकत मी डालग्याशेजारी बसूनच सांगितली. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, बाग आणि कुक्षीच्या परिसरात, दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी ९२ घरटी आणि त्यांतली २५६ अंडी नोंदवली. हे काम २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. अंडी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे सोललेल्या मोठ्या नारळाएवढी. घरटी एकमेकांना इतकी लागून आहेत की तेवढ्या अजस्र प्राण्यांना त्यांच्यामध्ये बसायला तर सोडाच, उभे राहायलाही जागा नव्हती. म्हणून त्यांनी ती उबवली नसावीत, सुसरीसारखी उथळ खड्ड्यात पुरून सोडून दिली असावीत, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. भाच्याने फुगून बसलेल्या तांबडीकडे पाहिले आणि विचारले, "मग त्यांची पिल्ले कोणी सांभाळली?" या प्रश्नाचे उत्तर त्या घरट्यांवरून तरी "कोणीच नाही" असेच येते.

याच जिल्ह्यात पाडल्या गावाजवळ एक अंडे असे सापडले की ज्याच्या कवचाच्या आत दुसरे पूर्ण कवच आहे. हे वाचले तेव्हा मला माझी आजी आठवली, कारण तिच्या कोंबडीने एकदा असेच अंडे घातले होते. ते नेहमीपेक्षा बरेच मोठे होते, आणि आजीने फोडले तेव्हा बलक आणि पांढऱ्याबरोबर आतून कवचासकट एक आख्खे छोटे अंडे निघाले. आजीने ते अपशकुनी मानून उकिरड्यावर टाकायला लावले. कारण साधे आहे. तयार झालेले अंडे बाहेर पडण्याऐवजी काही कारणाने अंडनलिकेत मागे ढकलले जाते, तिथे मागून येणाऱ्या बलकाला भेटते आणि दोघांवर मिळून नवे कवच चढते. पाडल्याचे अंडे २०२२ मध्ये जाहीर होईपर्यंत असा प्रकार फक्त पक्ष्यांत माहीत होता, कासव-सुसरींत नाही. त्यामुळे लांब मानेच्या त्या डायनोसॉरची अंडनलिका या बाबतीत पक्ष्यांच्या वळणाची असली पाहिजे आणि तीत अंडी एकामागून एक तयार होत असली पाहिजेत, असा अंदाज बांधता आला. ज्या अवयवाचा एकही तुकडा दगडात टिकलेला नाही, त्याची रचना कोंबडीच्या एका चुकीवरून कळावी, ही गोष्ट मी वर्गात कितीही वेळा सांगितली तरी मला शिळी वाटत नाही.

खुराड्याची गोष्ट निघाली की साप येतोच. मी आठ वर्षांची असताना एका सकाळी आजीने खुराड्याचे दार उघडले, तर आत नाग होता. त्याने एक अंडे तोंडात घेतलेले होते. मी ओट्यावरून पाहत होते. जबड्याची दोन्ही बाजूंची हाडे आळीपाळीने पुढे सरकत होती, गालाची कातडी ताणून खवल्यांच्या मधली पांढरी त्वचा दिसत होती, आणि अंडे दिसेनासे झाल्यावर मानेत त्याचा फुगवटा हळूहळू मागे गेला. सापाचे डोके केवढे आणि अंडे केवढे, हा प्रश्न मला पुढे कित्येक वर्षे पुरला.

गुजरातमधल्या ढोली डुंगरीला भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात डायनोसॉरची अंडी आणि त्यांच्याजवळ काही नाजूक हाडे मिळाली. ती सगळी हाडे डायनोसॉरच्या पिल्लाची असावीत असे प्रथम मानले गेले. २००१ साली अमेरिकेहून आलेल्या जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला तेव्हा त्यातले काही मणके सापाचे आहेत हे त्यांच्या लक्षात आले, आणि २०१० साली सानाजेह इंडिकस या नावाने तो साप जगासमोर आला. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा तो साप एका फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून होता आणि शेजारी सुमारे अर्धा मीटर लांबीचे पिल्लू होते. वादळात वाहून आलेल्या वाळू-मातीखाली हे सगळे एकदम गाडले गेले असावे. त्याच्या जबड्याची रचना मात्र आमच्या खुराड्यातल्या नागासारखी नव्हती. तोंड तेवढे फाकत नसल्याने त्याला आख्खे अंडे गिळता आले नसते, म्हणून तो कवच फोडून बाहेर येणाऱ्या पिल्लावर टपलेला असणार. चित्रांतले डायनोसॉर नेहमी गर्जना करत झुंजत असतात. मला मात्र हे घरट्यातले दृश्य जास्त खरे वाटते, कारण ते मी पाहिलेले आहे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबिजेची ओवाळणी झाल्यावर, आम्ही आमच्याच तालुक्यातल्या पिसदुरा गावी गेलो. सोयाबीन निघालेले होते, हरभऱ्यासाठी रान नांगरलेले होते, आणि बांधापलीकडे कपाशी फुटली होती. पिसदुऱ्याचे नाव जगभरच्या जीवाश्मतज्ज्ञांना ठाऊक आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे, ते धर्मकार्याइतक्याच मनापासून दगड गोळा करत आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांनीच या गावाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. येथे हाडे मिळाली, कासवे मिळाली, पण गावाची खरी ख्याती डायनोसॉरच्या अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या, विष्ठेसाठी आहे. शेताच्या मालकांनी, आम्ही कशासाठी आलो ते ऐकून, एक गोटा उचलून भाच्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हे तं आमच्या नांगराले नेहमीच लागते, बाई. लहानपणी आमी याच्याच गोट्यांनं बोरं पाडत होतो."

मुठीएवढा, करड्या रंगाचा, एका बाजूला निमुळता आणि अंगावर पिळासारख्या वळ्या असलेला तो गोटा होता. भाच्याने आधी वास घेतला. वास मातीचाच आला. मग तो वजनाला अपेक्षेपेक्षा जड आहे हे त्याने लिहिले, आणि वळ्या कशामुळे पडल्या असतील हे मला न विचारता मनीच्या पहिल्या दिवसाच्या नोंदीवरून स्वतःच ठरवले. गोटा आम्ही होता तिथेच परत ठेवला, कारण तो ज्या थरात आहे त्या थरापासून तोडला की त्याची अर्धी माहिती हरवते.

लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या या गोट्यांतून सूक्ष्म कण वेगळे केले आणि २००५ साली जाहीर केले की त्यांत गवताचे अंश आहेत. गवताच्या पात्याने बोट कापते ते त्यातल्या सिलिकामुळे. जमिनीतून पाण्याबरोबर शोषलेली ही सिलिका पेशींत साचून तिचे काचेसारखे कण होतात, आणि प्रत्येक प्रकारच्या गवतात त्यांचा आकार वेगळा असतो. पान कुजते, पचते, जळते, तरी हे कण राहतात. आमच्याकडे पूर्वी धानाच्या तुसाची राख भांडी घासायला वापरत, ती पितळ लख्ख करते ती याच कणांमुळे. भाच्याला हे पटावे म्हणून काकूकडून थोडी राख मागून घेतली आणि त्याने तांब्या घासून पाहिला.

त्या काळापर्यंत समज असा होता की डायनोसॉर असताना जवळजवळ गवत नव्हतेच, आणि चित्रांतही त्यांच्या पायाखाली नेचे आणि सूचिपर्णी झाडेच असत. पिसदुऱ्याच्या विष्ठेत मात्र निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. त्या प्राण्यांचे मुख्य खाणे गवत नव्हते, ताड-माड आणि इतर झाडांचा पालाही त्यात होता. पण गवत होते, आणि त्याच्या शाखाही फुटलेल्या होत्या. २०११ साली त्याच गोट्यांतून आणखी नेमके निष्पन्न झाले की त्यांतली काही गवते धानाच्या कुळातली आहेत. धानाच्या जिल्ह्यात, धान जन्माला येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधी, धानाच्या भाऊबंदांवर लांब मानेचा प्राणी चरून गेला आणि त्याने मागे टाकलेल्या गोट्यात ते जपून राहिले. आयसिसॉरसचे हाड पाहून मला तो केवढा होता ते कळते. पिसदुऱ्याचा गोटा पाहून तो त्या दिवशी काय जेवला ते कळते, आणि कोणत्याही जनावराशी ओळख व्हायला मला दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. गुराख्याला गाय आजारी आहे हे तिच्या उंचीवरून कळत नाही, शेणावरून कळते.

परतताना भाच्याने गाडीत वही काढली आणि मनीच्या ओकारीचे पान उघडून त्याच्या समासात "गवत पचत नाही, म्हणून पुरावा राहतो" असे लिहिले. दोन्ही गोष्टी तंतोतंत एक नाहीत. मनीच्या पोटातली पाती ओली आणि ताजी होती, इथे फक्त काचेचे कण उरले होते. तेही मी त्याला सांगितले आणि त्याने वाक्याच्या शेवटी "कण" हा शब्द वाढवला.

भाऊबीज होऊन पाच दिवस झाले तेव्हा तांबडीचे एकवीस दिवस भरले. आदल्या रात्रीच अंड्यांतून बारीक चिवचिव ऐकू येत होती आणि तांबडी तिला हलक्या आवाजात उत्तर देत होती. सकाळी एका अंड्याच्या रुंद टोकाजवळ तांदळाच्या कणीएवढी भेग पडली. भेगेतून चोचीचे टोक दिसले, आणि त्या टोकावर कवच फोडण्यासाठी असलेला तो पांढरा टणक कण, जो पिल्लू बाहेर आल्यावर काही दिवसांत गळून पडतो. पिल्लू थोडे टोचे, बराच वेळ थांबे, किंचित फिरे आणि पुन्हा टोचे. पहिली भेग ते पूर्ण बाहेर येणे, यात दुपार झाली. भाचा जेवायला उठला नाही. ओले, मान टाकलेले पिल्लू कुटारावर पडले तेव्हा त्याने आधी त्याच्या पायांकडे पाहिले आणि वहीत लिहिले, "खवले जन्मल्यापासून आहेत. पुढे तीन बोटे, मागे एक."